नाशिक रस्त्याने आलेली पदवी

राजगुरुनगरला नवी गोष्ट येते ती पुण्याच्या बाजूने, नाशिक रस्त्यावरचं भोसरी, मोशी, चाकण असं एकेक गाव घेत. कारखाने तसेच आले आणि त्यांच्या मागोमाग एमबीएही तसंच आलं. एमबीए म्हटलं की बाहेरच्या माणसाला अहमदाबादच्या आयआयएमच्या लाल विटा आठवत असतील. मला आठवते ती काळ्या रेक्झिनची जिल्द. तिच्यावर सोनेरी अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, कंपनीचं नाव आणि सगळ्यात खाली वर्ष. पहिलं वर्ष संपलं की दोन महिने एखाद्या कंपनीत जायचं, तिथला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर अहवाल लिहायचा, ही या शिक्षणाची जुनी रीत. त्या अहवालाला पोरं प्रोजेक्ट म्हणतात. खेड तालुक्यातल्या पोरांचे प्रोजेक्ट टाइप करण्यात आणि बांधून देण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

मी स्वतः एमबीए नाही. माहेर नारायणगावचं. लग्न होऊन आले तेव्हा टायपिंगची इंग्रजी चाळीसची आणि मराठी तीसची परीक्षा पास होते, आणि सासरी माझ्या दागिन्यांपेक्षा त्या सर्टिफिकेटांचं कौतुक जास्त झालं. त्याला कारण होतं. सासरे, ज्यांना सगळी आळी अण्णा म्हणायची, तहसील कचेरीबाहेर दस्त लिहायचे. खरेदीखत, हक्कसोडपत्र, वारसनोंदीचा अर्ज, सगळं हाताने. मी आले, घरात गोदरेजचं टाइपरायटर आलं, आणि अण्णांच्या टेबलाशेजारी माझं टेबल लागलं. गावाला हुतात्मा राजगुरूंचं नाव मिळालं तरी तालुका खेडच राहिला आणि बोलताना आम्हीही खेडच म्हणतो. चाकण याच तालुक्यात मोडतं. त्यामुळे चाकणची जमीन कुणाकडून कुणाकडे गेली याचे कागद आणि चाकणच्या कारखान्यांवर पोरांनी काय लिहिलं याचे कागद, दोन्ही आमच्या एकाच दुकानातून गेले.

हे दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहिल्यावर मला एक गोष्ट पटली आहे. या पट्ट्यात एमबीएची किंमत रस्त्याने ठरवली. कारखाना जिथवर सरकला तिथवर दहा-पंधरा वर्षांनी पदवी पोचली, आणि दर खेपेला ती वेगळ्या माणसाला वेगळ्या कामासाठी हवी होती. कॉलेजातला अभ्यासक्रम त्या मानाने फारच सावकाश बदलला.

तारखाच बघा. हार्वर्डने १९०८ मध्ये बिझनेस स्कूल काढलं आणि एमबीए ही पदवी सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघालं, पुण्यात १९४३ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. पण तिथे शिकवायचे ते वाणिज्य: हिशेब, बँका, कंपनी कायदा. कारखाना चालवायला वेगळं शिक्षण लागतं ही समजूत स्वातंत्र्यानंतर रुजली. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम आल्या. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग १९७१ चा. पुढे त्याला सगळे पुंबा म्हणू लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आयएमडीआर १९७४ ची आणि सिंबायोसिसची व्यवस्थापन संस्था १९७८ ची.

आता रस्त्याच्या तारखा. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ ला अस्तित्वात आली. साठच्या दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटर निघू लागल्या आणि १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. म्हणजे विद्यापीठाने व्यवस्थापन शिकवायला घेतलं तेव्हा पिंपरीत व्यवस्थापन चालू होऊन दीड दशक उलटलं होतं. ते चालवत होते इंजिनीअर, सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी आणि मशीनवर काम करत वर चढलेले फोरमन. त्यांच्यापैकी कुणाचं काम पदवीवाचून अडलं नव्हतं.

अडलं ते कायद्यामुळे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं ४९ वं कलम सांगायचं की पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्या अधिकाऱ्याला ठरावीक शिक्षण लागायचं. म्हणजे कारखान्यात एक खुर्ची अशी तयार झाली जिच्यावर बसायला कागद हवा, आणि तो कागद संध्याकाळच्या वर्गांतून मिळू लागला. या कलमाशी आमच्या तालुक्याचं एक नातं आहे. हिंदुस्थानात कामगारांची पहिली संघटना बांधणारे, १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे मूळचे कन्हेरसरचे, खेड तालुक्यातले. ते स्वतः काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते. परळला राज्य सरकारची जी संस्था कामगार कल्याणाचे अभ्यासक्रम चालवते तिला आज त्यांचंच नाव आहे. तिथून शिकून आलेला खेडचा एखादा मुलगा पर्सोनेल खात्यात लागला की मी त्याला मुद्दाम विचारते, लोखंडे कुठले रे? बहुतेकांना माहीत नसतं.

माझ्याकडे पहिले प्रोजेक्ट आले ते कामावर असलेल्या माणसांचे. ऐंशीचं दशक. डीबीएम म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका आणि एमपीएम म्हणजे पर्सोनेलची पदव्युत्तर पदवी, या दोनच गोष्टी तेव्हा आमच्या कानावर होत्या. पूर्णवेळ एमबीए पुण्यातल्या मुलांनी करायचं, नोकरी करून शिकायचं असेल तर डीबीएम. माझं गिऱ्हाईक तिशीच्या पुढचं, घरी दोन लेकरं, पिंपरी-भोसरीत पहिली पाळी. पाळी सुटली की अंगावर तेलाचा वास घेऊनच पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला, आणि रात्री शेवटची एसटी पकडून खेडला. रविवारी सकाळी ती माणसं हाताने लिहिलेले फुलस्केप कागद घेऊन यायची.

त्यांना पदवी कशासाठी हवी होती? कामगार आणि स्टाफ यांच्यामधली रेघ ओलांडायला. रेघेच्या अलीकडे निळा गणवेश, युनियन, ओव्हरटाइम. पलीकडे टेबल, वेगळं कँटीन, नावापुढे साहेब. गंमत अशी की ओलांडणाऱ्याच्या हातात सुरुवातीला पैसे कमीच यायचे, कारण स्टाफला ओव्हरटाइम नसे, आणि युनियनचा करार झाला की त्याच्या हाताखालच्या माणसाचा पगार त्याच्यापुढे जाई. एका गिऱ्हाइकाची बायको माझ्यापुढे म्हणाली होती, “एवढं शिकून घरात पैसं कमीच आलं, काकू, मंग शिकायचं तरी कशाला?” तो बिचारा गप्प बसला. पण त्याने अर्ज मागे घेतला नाही.

चार प्रती लागायच्या: विद्यापीठाला एक, मार्गदर्शकाला एक, कंपनीला एक आणि घरी ठेवायला एक. कार्बन घालून चार कागद एकदम चढवले की चौथी प्रत फिकट उठायची. ती बहुतेक वेळा घरची असायची. तक्ते टाइप करणं सगळ्यात किचकट. टॅब लावायचे, आकडे एकाखाली एक आणायचे, एक आकडा चुकला की चारही कागदांवर व्हाइटनर. जिल्दीला पुण्यातच जावं लागे, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बाइंडर बसत. सोनेरी फॉइलवर गरम ठसा दाबून नाव उठवायचं काम आम्ही खेडात बऱ्याच उशिरा सुरू केलं.

त्या वर्षांतला आवडता विषय होता कामगारांची गैरहजेरी. दर दोन-तीन प्रोजेक्टांत एक गैरहजेरीवर. ठरलेली मांडणी: कंपनीची ओळख, विषयाची व्याख्या, कामगारांना वाटलेली प्रश्नावली, तक्ते, निष्कर्ष, सूचना. निष्कर्ष असा की जुलै-ऑगस्टात आणि चैत्र-वैशाखात गैरहजेरी वाढते, कारण कामगारांची शेतीची पार्श्वभूमी आणि स्थानिक सण. इंग्रजीत ते फार कोरडं वाटायचं. त्याचा अर्थ मात्र मला टाइप करतानाच कळायचा. जुलैत तालुक्याच्या पश्चिम भागात, वाड्याकडे आणि भीमाशंकरच्या अंगाला, भाताची आवणी असते. आवणीला माणूस घरी नसेल तर वर्षाचा भात गेला. चैत्रात गावोगावच्या जत्रा, बैलगाडे, पाहुणे. जो सुपरवायझर हे लिहीत होता तो स्वतः काही वर्षांपूर्वी आवणीसाठी दांडी मारणारा कामगार होता, आणि त्याचा भाऊ अजून मारत होता. घरातली गोष्ट त्याने प्रश्नावलीतून पुन्हा शोधून काढली होती, कारण मास्तरांना आकडे हवे होते.

काही गोष्टी मात्र त्या पानांत कधी आल्या नाहीत. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांचा लढा पेटला, राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि सप्टेंबरच्या शेवटी पोलिसांनी त्यांना उचललं. आमच्या आळीत त्या दिवसांत दुसरं बोलणं नव्हतं. पण त्याच काळात टाइप केलेल्या प्रोजेक्टांत औद्योगिक संबंधांवरचं प्रकरण नेहमीसारखंच, पुस्तकातून उतरवलेलं. त्यात नवल नव्हतं. कंपनीची परवानगी असल्याशिवाय प्रोजेक्ट नाही, आणि कंपनीच्या पत्राशिवाय तो स्वीकारत नसत. ज्या प्रश्नावर कुणी परवानगी देणार नाही तो प्रश्न अभ्यासाचा विषयच होत नाही. पर्सोनेल शिकणाऱ्या माणसाला हे पहिल्याच वर्षी समजायचं.

संध्याकाळच्या वर्गाला जाणंही ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी पोस्टाने शिक्षण आलं. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये निघालं आणि १९८७ मध्ये त्याने जे पहिले अभ्यासक्रम सुरू केले त्यात व्यवस्थापनाची पदविका होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झालं. पुस्तकांचे खोके घरपोच यायचे. आमच्या दुकानात आलेला पहिला मुक्त विद्यापीठवाला तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा हिशेबनीस होता. कारखान्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं की हे शिक्षण आता गेटच्या आतल्या माणसांपुरतं राहणार नाही.

नव्वदीनंतर गिऱ्हाईक एकदम तरुण झालं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना वाट मोकळी झाली होती. आधी इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली. १९८७ च्या कायद्याने एआयसीटीईला मान्यतेचे अधिकार मिळाले, १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली, आणि मग पिंपरी, आकुर्डी, निगडी, ताथवडे या बाजूला व्यवस्थापनाच्या संस्था उभ्या राहिल्या. आता एमबीए करायला पुण्यात खोली घ्यावी लागत नव्हती. खेडहून एसटीने किंवा भोसरीच्या बसने नाशिक फाट्यापर्यंत जायचं, पुढे सहाआसनी रिक्षा. हुतात्मा राजगुरू महाविद्यालयातून बीकॉम झालेला मुलगा तेवढ्यात कॉलेजात पोचायचा.

या मुलांना नोकरीतली रेघ ओलांडायची नव्हती, त्यांना नोकरीच नव्हती. कायम कामगारांची भरती थांबली होती. बापाला जे आयटीआयवर मिळालं ते मुलाला मिळेना. उलट बापालाच स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आलेला. आमच्याच दुकानात बाप व्हीआरएसचे कागद झेरॉक्स करायला आणि मुलगा एमबीएच्या प्रवेशाचा अर्ज भरायला एकाच दिवशी आलेले मी पाहिलेत. त्यातल्या एकाचे पैसे दुसऱ्याच्या फीला जाणार होते. मग सीईटी, मग गटचर्चा, मग मुलाखत. सहावी-सातवीपर्यंत जेमतेम इंग्रजी ऐकलेल्या मुलाने दहा जणांच्या घोळक्यात इंग्रजीतून वाद घालायचा. टाय एकाच्या घरी असायचा आणि गावभर फिरायचा.

अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागायचं. त्यासाठी पुन्हा कचेरीच. प्रवेशाच्या दिवसांत अण्णांच्या जुन्या टेबलाभोवती शेतकऱ्यांपेक्षा विद्यार्थी जास्त असत. अण्णा म्हणायचे, पूर्वी माणूस कचेरीत जमीन टिकवायला यायचा, आता पोरगं टिकवायला येतो.

प्रोजेक्टाचे विषयही बदलले. गैरहजेरी मागे पडली. आयएसओ ९०००, क्यूएस ९०००, कायझेन, फाइव्ह एस, वस्तुसाठा नियंत्रण, पुरवठादारांचं मूल्यमापन हे विषय आले. कारण उघड होतं. मोठ्या वाहन कंपन्या आता सुटे भाग बाहेरून घेत होत्या आणि भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराला सर्टिफिकेट नसेल तर काम मिळत नव्हतं. त्याच्याकडे कागद नीट करणारा माणूस नव्हता, म्हणून तो दोन महिने फुकट येणाऱ्या एमबीएच्या मुलाला खुशीने घ्यायचा. मुलगा दिवसभर फायलींना लेबलं लावायचा, मशीनवर पिवळे पट्टे मारायचा आणि रात्री त्याचाच प्रोजेक्ट लिहायचा. अनेकांना तिथेच नोकरी लागली. या पिढीचं एमबीए म्हणजे छोट्या कारखान्याच्या कागदपत्रांचं शिक्षण होतं, आणि त्याचा उपयोग झाला.

टाइपरायटरची जागा संगणकाने घेतली ती याच सुमारास. आधी फक्त इंग्रजी चालायचं, मग मराठी टाइप करायला श्री-लिपी आली आणि दस्तही संगणकावर गेले. आणखी एक गोष्ट आली: जुनी फाइल उघडून नवं नाव घालायची सोय. एका वर्षी तीन वेगवेगळ्या कॉलेजांतली तीन मुलं एकच प्रोजेक्ट घेऊन आली. कंपनीचं नाव वेगळं, बाकी प्रश्नावलीची उत्तरं, वर्तुळालेखातले रंग, सगळं तेच. तिन्हीकडे बहुसंख्य कामगार समाधानी होते. मी म्हटलं, “अरे, निदान एका कंपनीतले तरी नाराज दाखवा.” हसून गेली. एका कंपनीने तर मुलाला एक दिवसही आत न घेता दोन महिन्यांचं प्रमाणपत्र दिलं होतं. त्याला कुठे बसवायचं हा त्यांच्यापुढे प्रश्न होता आणि मुलालाही घरीच बरं वाटलं.

तोवर रस्ता चाकणपर्यंत रुंदावला होता. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला. २००७ मध्ये आकुर्डीतलं त्यांचं उत्पादन थांबलं. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उघडला आणि मर्सिडीज पिंपरीतून चाकणला आली. २०१० मध्ये महिंद्रा. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वराळे ही गावं नकाशावर एमआयडीसीच्या टप्प्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या सगळ्याची सुरुवात आमच्या दुकानात बत्तीस-दोनने झाली होती. एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यातल्या ३२ व्या कलमाखाली जमीनमालकाला नोटीस येते. लोक तिला बत्तीस-दोनची नोटीस म्हणतात. तिच्यावर हरकत टाइप करून घ्यायला माणसं रांगेत उभी राहायची. हरकत घेऊन जमीन क्वचितच सुटे, पण मोबदल्याचं बोलणं तिथून सुरू होई.

ज्या घरांची मी हरकत टाइप केली त्यातल्याच काही घरांचे प्रोजेक्ट पुढे माझ्याकडे आले. ही तिसरी पिढी. तिच्याकडे पैसा होता, पण जमीन उरली नव्हती किंवा तुकडा उरला होता. मोबदल्यातून बंगला झाला, गाडी झाली, आणि उरलेल्यातून धंदा: कंपनीला बस लावणं, कँटीन चालवणं, भंगार उचलणं, जेसीबी, सिक्युरिटी, कंत्राटी कामगार पुरवणं. धंदा ओळखीवर मिळायचा, पण टिकवायला कागद लागायचे. व्हेंडर कोड, पर्चेस ऑर्डर, पीएफ-ईएसआयची चलनं, पुढे २०१७ पासून जीएसटीचे रिटर्न. थोरल्याने माणसं सांभाळायची आणि धाकट्याने एमबीए करून कंपनीच्या पर्चेसवाल्यांशी बोलायचं, अशी वाटणी मी अनेक घरांत पाहिली. इथे पदवी नोकरी मागायला निघालेली नव्हती. नोकरी देणाऱ्याच्या दारात मान वर करून बसता यावं म्हणून ती घेतली होती.

कन्हेरसर, निमगाव, दावडी, रेटवडी या गावांतली जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेली तेव्हा मला पुन्हा लोखंडे आठवले. त्यांच्या गावातल्या मुलांच्या प्रोजेक्टांचा विषय आता कंत्राटी कामगारांचं व्यवस्थापन असतो. कामगाराच्या बाजूने सुट्टी मागणाऱ्याचं गाव, आणि मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या बाजूने हजेरी लावायला शिकणारी मुलं. त्यांना दोष द्यायचं मला कारण दिसत नाही. त्यांना जे दार उघडं दिसलं त्यात ती शिरली.

मुली आल्या हे मात्र मी मनापासून नोंदवते. ऐंशीच्या दशकात माझ्याकडे एकाही बाईचा डीबीएमचा प्रोजेक्ट आला नव्हता. आज एचआर म्हटलं की निम्म्याहून जास्त मुली. लग्नाचे बायोडेटाही मीच टाइप करते, त्यामुळे पदवीचा तो बाजारही मला ठाऊक आहे. आधी मुलाच्या बायोडेटात एमबीए असे आणि मुलीच्या बीए. आता मुलगी एमबीए, चाकणला कंपनीत, आणि मुलाच्या नावापुढे शेती व व्यवसाय. मुलीच्या अपेक्षांच्या ओळीत “लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार” असं जिने पहिल्यांदा लिहायला लावलं तिच्या बापाने ती ओळ दोनदा खोडली आणि तिने ती तिसऱ्यांदा लिहून घेतली.

दरम्यान कॉलेजं जास्त आणि मुलं कमी असंही झालं. काही संस्था बंद पडल्या, काहींनी वर्ग घटवले, फीची परतफेड सरकारकडून येईल या भरवशावर काही चालू राहिल्या. एमबीए होऊन हाती काय, तर कंपनीच्या गेटवर तीच कंत्राटी सही, असं म्हणणारी मुलंही माझ्या दुकानात बसतात. त्यांचं खोटं नाही. ज्या वर्षी रस्त्यावर नवं दार उघडलं त्या वर्षी पदवी उपयोगी पडली, नाही तर ती भिंतीवर राहिली. आई-बाप विचारतात, काकू, पोराला एमबीएला घालू का? मी त्यांना कॉलेजचं नाव विचारत नाही. पोरगं कुठल्या कामाला जाणार आहे आणि ते काम चार वर्षांनी या रस्त्यावर असेल का, एवढं विचारते.

आता जिल्दी कमी झाल्या. पीडीएफ पाठवली की काम झालं. विषय डिजिटल मार्केटिंग, ऑनलाइन खरेदीदाराचं वर्तन, इलेक्ट्रिक वाहनं. जुन्या जिल्दी बऱ्याच ठिकाणी रद्दीत गेल्या. कॉलेजांना जागा नाही आणि घरच्यांना गरज नाही. माझ्याकडे कुणी न्यायलाच न आलेल्या काही प्रती माळ्यावर आहेत. इंग्रजी मोडकं, तक्ते उधार, पहिली चार प्रकरणं पुस्तकातली. पण शेवटच्या सूचना मुलांनी स्वतः लिहिलेल्या असत, कारण त्या उतरवायला पुस्तक नव्हतं. तिथे ऐंशीच्या दशकातला सुपरवायझर लिहितो, आवणीच्या दिवसांत रजेची सोय करावी, बसच्या फेऱ्या वाढवाव्यात, कँटीनचं जेवण सुधारावं. दोन हजारनंतरचा मुलगा लिहितो, बसच्या फेऱ्या वाढवाव्यात, कँटीन सुधारावं, कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा विचार व्हावा. मधल्या काळात रजेची मागणी गेली, कारण आवणीची जमीन नाही तर आवणी करणारी माणसं गेली, आणि कायम करण्याची मागणी आली. कारखान्याच्या कुठल्याही वार्षिक अहवालात हा बदल सापडायचा नाही.

पिंपरीपासून खेडपर्यंतच्या या पट्ट्याचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने या जिल्दी रद्दीत जायच्या आत गाठाव्यात. आणि वाचताना कंपनीची ओळख, व्याख्या, वर्तुळं यांत वेळ घालवू नये. सरळ मागून उघडून सूचनांचं पान काढावं.